हेडिंग इंडिकेटरची होकायंत्राशी जुळवणी

हेडिंग इंडिकेटरची होकायंत्राशी जुळवणी ही लहान विमानाच्या उड्डाणातील एक नियमित क्रिया असून संगणकावरील उड्डाण-सदृशीकरणातही ती करावी लागते. विमानाचे नाक कोणत्या दिशेला आहे हे दाखवणारी दोन उपकरणे अशा विमानात असतात. पहिले चुंबकीय होकायंत्र आणि दुसरा घूर्णीवर, म्हणजे जायरोस्कोपवर, चालणारा हेडिंग इंडिकेटर. होकायंत्राला उत्तर दिशा ठाऊक असते, पण वळणात आणि वेग बदलताना ते भरकटते. हेडिंग इंडिकेटरची तबकडी वळणातही स्थिरपणे वाचता येते, मात्र त्याला उत्तर दिशा मुळीच ठाऊक नसते. त्याला जी दिशा लावून दिली तीच तो सांभाळतो, आणि तीही काळाच्या ओघात हळूहळू ढळत जाते. म्हणून ठराविक अंतराने होकायंत्र पाहून त्याची तबकडी पुन्हा जागेवर आणावी लागते.

सिम्युलेटरमध्ये हे काम बहुधा एका कळीवर किंवा माउसच्या एका हालचालीवर होते. त्यामुळे ते किरकोळ वाटते आणि पुष्कळदा विसरले जाते. प्रत्यक्षात जुळवणीतील अवघड भाग नॉब फिरवण्याचा नसून होकायंत्रावर विश्वास केव्हा ठेवावा हे ओळखण्याचा आहे. घरच्या संगणकावर सराव करून पुढे प्रत्यक्ष उड्डाण शिकणाऱ्याला हाच भाग उपयोगी पडतो.

उपकरणाची रचना

पारंपरिक हेडिंग इंडिकेटरमध्ये एक लहान पण वजनदार चाक आडव्या आसाभोवती अतिशय वेगाने फिरत असते. हे चाक एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये टांगलेले असते, त्यामुळे विमान कसेही वळले तरी आसाची दिशा कायम राहते. इंजिनावर चालणारा निर्वात पंप उपकरणाच्या पेटीतून हवा खेचतो. आत येणारी हवा चाकाच्या कडेवरील खाचांवर आदळते आणि चाक फिरते. हा खेच दाखवणारा स्वतंत्र मापक कॉकपिटमध्ये असतो. बऱ्याच लहान विमानांत त्याचा काटा पाऱ्याच्या ४.५ ते ५.५ इंचांच्या दरम्यान असणे अपेक्षित असते.

विमान डावीकडे वळले की विमानाचा सांगाडा घूर्णीभोवती फिरतो, घूर्णी मात्र तशीच राहते. या सापेक्ष हालचालीमुळे दंतचक्रांच्या साहाय्याने समोरची तबकडी फिरते आणि वरच्या खुणेखाली नवा आकडा येतो. तबकडीवर ३६० अंशांचे वर्तुळ असते. आकडे शेवटचे शून्य गाळून छापलेले असतात, म्हणजे ३ याचा अर्थ ३० अंश, तर ३३ याचा अर्थ ३३० अंश.

सेसना १७२ सारख्या विमानात या उपकरणाला सामान्यतः दोन नॉब असतात. डावीकडचा नॉब आत दाबून फिरवला की तबकडी फिरते आणि जुळवणी होते. उजवीकडचा नॉब तबकडीच्या कडेवरील खूण फिरवतो. इच्छित दिशेची आठवण ठेवणे आणि ऑटोपायलटला दिशा देणे यांसाठी ही खूण असते. सिम्युलेटरच्या पडद्यावर हे दोन्ही नॉब अगदी लहान दिसतात. नवशिक्याने जुळवणीऐवजी दिशेची खूण फिरवणे ही बरीच आढळणारी गफलत आहे.

तबकडी का ढळते

१८५२ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेओं फुको याने पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवण्यासाठी घूर्णी वापरली आणि तिला जायरोस्कोप हे नाव दिले. घूर्णीचा आस अवकाशात स्थिर राहतो, खालची पृथ्वी मात्र फिरते, म्हणून पाहणाऱ्याला आसच हळूहळू सरकताना दिसतो. फुकोच्या दृष्टीने हे सरकणे हाच पुरावा होता. वैमानिकाच्या दृष्टीने तोच दोष ठरतो.

पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते, म्हणजे तासाला सुमारे १५.०४ अंश फिरते. या फिरण्याचा क्षितिजसमांतर भाग किती, हे अक्षांशावर अवलंबून असते. १५.०४ या संख्येला अक्षांशाच्या साइनने गुणले की त्या ठिकाणचा ताशी ढळ मिळतो. विषुववृत्तावर तो शून्य असतो आणि ध्रुवावर पूर्ण १५ अंशांचा होतो. कन्याकुमारीला तो ताशी सुमारे २.१ अंश, मुंबईला ४.९, नागपूरला ५.४, दिल्लीला ७.२, शिकागोला १०, तर लंडनला ११.८ अंश येतो. उत्तर गोलार्धात या ढळामुळे तबकडीवरचा आकडा कमी होत जातो, तर दक्षिण गोलार्धात तो वाढत जातो.

विमानाच्या प्रवासामुळे याच प्रकारची आणखी एक भर पडते. रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत असल्यामुळे पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे उडताना उत्तरेची दिशा सतत थोडी बदलत राहते. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे जाताना हा परिणाम पृथ्वीच्या फिरण्यात मिळवला जातो आणि पश्चिमेकडे जाताना वजा होतो. ताशी १२० नॉट वेगाच्या विमानासाठी मुंबईच्या अक्षांशावर तो ताशी ०.७ अंश इतकाच असतो. लंडनच्या अक्षांशावर मात्र अडीच अंशांपर्यंत जातो.

काही उपकरणांत पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करणारी एक छोटी समतोल चकती असते. ती एका बाजूला सरकवली की घूर्णीवर किंचित बल पडते. फिरत्या चाकाच्या स्वभावानुसार या बलाचा परिणाम काटकोनात दिसतो, त्याला परांचन म्हणतात. हे परांचन पृथ्वीमुळे होणाऱ्या ढळाच्या बरोबर उलट ठेवले की दोन्ही एकमेकांना छेदतात. पण ही भरपाई एकाच अक्षांशापुरती असते. शिकागोसाठी साधलेले उपकरण मुंबईत आणले, तर ते तासाला सुमारे ५ अंश उलट्या दिशेने ढळू लागेल.

वरील सर्व हिशेब आदर्श घूर्णीचा आहे. प्रत्यक्षात धारव्यांतील घर्षण, चाकाचा किंचित असमतोल, झिजलेले भाग आणि अपुरा निर्वात यांमुळे तबकडी आणखी सरकते, आणि हे सरकणे कोणत्याही सूत्रात बसत नाही. अमेरिकेच्या संघीय विमानचालन प्रशासनाच्या हस्तपुस्तिकेत १५ मिनिटांत ३ अंशांपर्यंतचा फरक सामान्य मानलेला आहे. त्याहून अधिक फरक पडू लागला तर उपकरण तपासणीस द्यावे लागते. दर १५ मिनिटांनी जुळवणी करण्याची प्रथाही याच हिशेबातून आलेली आहे.

जुन्या उपकरणांना आणखी एक मर्यादा होती. विमान सुमारे ५५ अंशांपेक्षा जास्त कलले तर कड्या एकमेकींना अडकत आणि तबकडी गरगर फिरू लागे. कसरती करणाऱ्या विमानात म्हणूनच घूर्णी आधी अडकवून ठेवण्याची सोय असे आणि नंतर ती सोडून पुन्हा जुळवणी करावी लागे.

होकायंत्र केव्हा वाचावे

जुळवणीसाठी आधार होकायंत्राचा घ्यावा लागतो, आणि होकायंत्राच्या स्वतःच्या खोडी पुष्कळ आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांचा जमिनीकडे असलेला झुकाव आहे. त्याला नती म्हणतात. दक्षिण भारताच्या टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते आणि तेथे नती जवळजवळ शून्य असते. मुंबईच्या परिसरात ती २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असते, तर लंडनला ६५ अंशांहून अधिक. नती जितकी जास्त, तितका होकायंत्राचा खोटेपणा जास्त.

उत्तर गोलार्धात पूर्व किंवा पश्चिम दिशेला उडताना विमानाचा वेग वाढवला, तर विमान वळलेले नसतानाही होकायंत्र उत्तरेकडे वळल्यासारखे दाखवते. वेग कमी केला तर ते दक्षिणेकडे झुकते. उत्तर दिशेला असताना वळण सुरू केले, तर होकायंत्र मागे रेंगाळते, कधी क्षणभर उलटेही जाते. दक्षिणेला असताना वळले तर ते विमानाच्या पुढे धावते. दक्षिण गोलार्धात हे सारे उलटे होते. याशिवाय खडबडीत हवेत होकायंत्राची चकती द्रवात हेलकावे खात राहते आणि एकच आकडा ठरवणे कठीण जाते. चकतीवरचे आकडे डावीकडे वाढतात, हीदेखील नवशिक्याला चकवणारी बाब आहे. होकायंत्रात ३० आणि ३३ यांच्या मध्ये पाहताना मोठा आकडा कोणत्या बाजूला आहे हे दोनदा तपासावे लागते.

यावरून जुळवणीची अट स्पष्ट होते. विमान सरळ, समतल आणि एकसमान वेगाने उडत असताना, होकायंत्र शांत झाल्यावरच आकडा घ्यावा. चढण संपवून समतल होताच लगेच जुळवणी करणे चुकीचे ठरते, कारण त्या वेळी विमानाचा वेग अजून वाढत असतो. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असेल तर या चुकीचा परिणाम सर्वाधिक होतो. अशा वेळी घाईने केलेल्या जुळवणीमुळे चांगली चालणारी तबकडीही बिघडते, आणि पुढची पंधरा मिनिटे विमान चुकीच्या आकड्यावर उडत राहते. ढळलेल्या तबकडीपेक्षा चुकीची जुळवलेली तबकडी अधिक घातक म्हणावी लागेल, कारण तिच्याविषयी वैमानिक निश्चिंत असतो.

प्रत्यक्ष विमानात आणखी एक पायरी असते. विमानातील लोखंडी भाग आणि विद्युत उपकरणे होकायंत्राला काही अंश बाजूला ओढतात, याला विचलन म्हणतात. ते वेगवेगळ्या दिशांना मोजून त्याचे छोटे पत्रक होकायंत्राखाली लावलेले असते. वाचलेल्या आकड्यात पत्रकानुसार सुधारणा करून मगच तबकडी लावतात. सदृशीकृत कॉकपिटमध्ये हे पत्रक दिसते खरे, पण अनेकदा ते केवळ चित्र असते.

जुळवणीची रीत

पहिली जुळवणी जमिनीवरच होते. इंजिन सुरू झाल्यावर घूर्णीला पूर्ण वेग येण्यासाठी काही मिनिटे द्यावी लागतात. त्यानंतर होकायंत्र पाहून तबकडी लावतात. धावपट्टीकडे जाताना डावी-उजवी वळणे घेत असता तबकडीचे आकडे योग्य दिशेने वाढतात वा घटतात का, हेही पाहिले जाते.

धावपट्टीवर विमान सरळ उभे केल्यावर दुसरी तपासणी होते. धावपट्टीचा क्रमांक तिच्या चुंबकीय दिशेवरून दिलेला असतो. मुंबईच्या विमानतळावर ०९/२७ आणि १४/३२ अशा दोन धावपट्ट्या आहेत. २७ वर उभ्या असलेल्या विमानाची तबकडी २७० च्या आसपास असायला हवी. मात्र हा क्रमांक जवळच्या १० अंशांपर्यंत पूर्णांकित केलेला असल्याने नेमक्या जुळवणीसाठी तो पुरेसा नाही. त्यासाठी नकाशावर दिलेली धावपट्टीची अचूक दिशा घ्यावी लागते.

उड्डाणात असताना रीत अशी आहे. दूरवरची एखादी खूण नाकासमोर धरून विमान सरळ ठेवायचे, होकायंत्र स्थिर होऊ द्यायचे, आकडा वाचायचा आणि तो मनात धरून नॉब दाबून तबकडी फिरवायची. मग पुन्हा होकायंत्राकडे पाहायचे. नॉब फिरवताना नजर खाली गेलेली असते आणि त्या काही क्षणांत विमान दोन-तीन अंश वळलेले असू शकते, म्हणून शेवटची ही नजर महत्त्वाची आहे. ऑटोपायलट दिशेच्या खुणेमागे चालत असेल, तर जुळवणीपूर्वी तो त्या अवस्थेतून काढावा किंवा जुळवणीनंतर खूण पुन्हा लावावी. तबकडीबरोबर खूणही फिरते आणि ऑटोपायलट विमान वळवू लागतो. सिम्युलेटरमध्ये ऑटोपायलट आपोआप वळू लागला अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे अनेकदा हेच कारण असते.

सदृशीकरणातील हाताळणी

यंत्राच्या साहाय्याने उड्डाण शिकवण्याची कल्पना संगणकाच्या बरीच आधीची आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याने १९२९ मध्ये लिंक ट्रेनर तयार केला. वडिलांच्या वाद्यनिर्मितीच्या कारखान्यात ऑर्गनसाठी वापरले जाणारे हवेचे भाते त्याने या यंत्राला बसवले होते. विद्यार्थ्याला बंद झाकणाखाली बसवून केवळ उपकरणांवर उडायला लावले जाई. शेजारच्या टेबलावर तीन चाकांची एक छोटी गाडी नकाशावर शाईने त्याचा मार्ग रेखत असे. दिशा राखण्यात झालेली चूक कागदावर वाकड्या रेषेच्या रूपाने उरे. आजच्या सिम्युलेटरमधील उड्डाणमार्गाचा नकाशा हे त्याच रेषेचे नवे रूप आहे.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, जेम्स डूलिटल याने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर बाहेर काहीही न पाहता उड्डाण केले आणि विमान पुन्हा उतरवले. त्याच्या कॉकपिटमध्ये स्पेरी कंपनीने बनवलेले कृत्रिम क्षितिज आणि दिशा दाखवणारी घूर्णी ही दोन नवी उपकरणे होती. दिशा दाखवणारी ती घूर्णी म्हणजेच आजच्या हेडिंग इंडिकेटरचा पूर्वज.

वैयक्तिक संगणकावरील सदृशीकरणात हे उपकरण कसे वागते, हे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या निवडीवर ठरते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या मालिकेत कळफलकावरील डी ही कळ जुळवणीसाठी दीर्घकाळ राखलेली आहे. या मालिकेच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्स या आवृत्तीत वास्तवतेच्या पर्यायांमध्ये घूर्णीचा ढळ चालू वा बंद करता येतो. तो बंद असेल तर तबकडी कधीच चुकत नाही आणि जुळवणीचा प्रश्नच उद्भवत नाही. एक्स-प्लेनमध्ये तबकडी चुंबकीय उत्तरेशी जुळवण्याची स्वतंत्र आज्ञा असून ती हव्या त्या कळीला जोडता येते.

फ्लाइटगियर हा मुक्त स्रोत सिम्युलेटर असल्यामुळे त्याचे आतले गणित कोणालाही वाचता येते. निर्वातावर चालणाऱ्या हेडिंग इंडिकेटरच्या त्याच्या दीर्घकाळ वापरलेल्या आज्ञावलीत तबकडी दर मिनिटाला पाव अंश, म्हणजे दिवसाला ३६० अंश, ढळते. त्यात अक्षांशाचा विचार नाही. ध्रुवावर हा वेग जवळजवळ बरोबर ठरतो, मुंबईच्या आकाशात मात्र तो पृथ्वीमुळे होणाऱ्या खऱ्या ढळाच्या तिप्पट होतो. १५ मिनिटांत पावणेचार अंश हा वेग वर सांगितलेल्या ३ अंशांच्या मर्यादेच्याही बाहेर आहे. प्रत्यक्ष विमानात असे उपकरण दुरुस्तीला पाठवले गेले असते. तरी सरावाच्या दृष्टीने ही अतिशयोक्ती वाया जात नाही, कारण ती विद्यार्थ्याला होकायंत्राकडे पाहायला भाग पाडते. याच सिम्युलेटरमध्ये होकायंत्राच्या वळणातील आणि वेगबदलातील चुकाही गणितात घेतलेल्या आहेत. निर्वात पंप बंद पडला तर घूर्णीचा वेग उतरतो आणि तबकडी विमानाच्या वळणांना नीट साथ देईनाशी होते.

कळ दाबून होणारी जुळवणी सोयीची असली तरी तिच्यात होकायंत्र वाचण्याची पायरी गळून जाते. गंभीरपणे सराव करणाऱ्याने कळ न वापरता कॉकपिटमधील नॉब माउसने फिरवणे अधिक हिताचे असते. सदृशीकरणाच्या दोन सोयींबाबत मात्र सावधगिरी लागते. विराम घेऊन होकायंत्र वाचले तर चकती हेलकाव्याच्या मधल्या क्षणी गोठलेली असू शकते, आणि तो आकडा खरा नसतो. लांबच्या प्रवासात काळाचा वेग चौपट केला तर उड्डाणाची १५ मिनिटे घड्याळातील पावणेचार मिनिटांत सरतात. जुळवणीचे अंतर तेव्हा उड्डाणाच्या काळावरून मोजावे लागते.

चुंबकीय उत्तरेची माहिती

होकायंत्र भौगोलिक उत्तर दाखवत नाही, चुंबकीय उत्तर दाखवते. या दोहोंतील कोनाला दिक्‌पात म्हणतात. मुंबईच्या परिसरात तो एक अंशापेक्षाही कमी आहे, जगात इतरत्र मात्र तो पुष्कळ मोठा असू शकतो, आणि तो वर्षानुवर्षे बदलत राहतो. म्हणून जागतिक चुंबकीय प्रतिमान दर ५ वर्षांनी नव्याने प्रसिद्ध केले जाते. अशा प्रतिमानांना जगभरच्या वेधशाळांतील निरीक्षणांचा आधार लागतो. महाराष्ट्रातील अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा हे काम १९०४ पासून करत आली आहे. त्याआधी ही निरीक्षणे मुंबईतील कुलाबा येथे होत, पण शहरात विजेवर धावणाऱ्या ट्राम येऊ घातल्याने त्यांच्या विद्युतप्रवाहाचा अडथळा टाळण्यासाठी ती अलिबागला हलवण्यात आली.

सिम्युलेटरमध्ये दिक्‌पाताची माहिती आज्ञावलीबरोबर साठवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आवृत्त्यांत ती एका स्वतंत्र फायलीत होती आणि वर्षे लोटली तरी आपोआप बदलत नसे. परिणामी नव्या नकाशावरील धावपट्टीची दिशा आणि सदृशीकृत होकायंत्रावरील आकडा यांत काही ठिकाणी एक-दोन अंशांचा फरक दिसतो. हा फरक जुळवणीचा दोष नव्हे. अशा वेळी हेडिंग इंडिकेटर सिम्युलेटरमधल्या होकायंत्राशीच जुळवावा, नव्या नकाशाशी नव्हे. तसे न केल्यास वाटेत प्रत्येक वेळी होकायंत्र आणि तबकडी यांच्यात तोच फरक पुन्हा उगवतो आणि ढळ किती झाला हे कळेनासे होते.

चूक किती दूर नेते

वैमानिकांमध्ये साठास एक असा ठोकताळा प्रचलित आहे. दिशेत १ अंशाची चूक असेल तर ६० सागरी मैलांनंतर विमान वाटेपासून सुमारे १ सागरी मैल बाजूला जाते. तबकडी सतत ५ अंशांनी चुकलेली असेल, तर १२० सागरी मैलांच्या प्रवासानंतर विमान सुमारे १० सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर बाजूला असेल.

ढळणाऱ्या तबकडीचा हिशेब थोडा वेगळा आहे, कारण चूक शून्यापासून हळूहळू वाढत जाते. मुंबईच्या अक्षांशावर १२० नॉट वेगाने तासभर एकदाही जुळवणी न करता उडाल्यास केवळ पृथ्वीच्या फिरण्यामुळे विमान सुमारे ५ सागरी मैल बाजूला जाते. लंडनच्या अक्षांशावर हेच अंतर १२ सागरी मैलांहून अधिक होते. दर १५ मिनिटांनी जुळवणी केली तर मुंबईच्या अक्षांशावरची चूक सव्वा सागरी मैलाच्या आसपास राहते. उत्तर गोलार्धात तबकडीचा आकडा घटत असल्यामुळे वैमानिक तो टिकवण्यासाठी नकळत उजवीकडे वळत राहतो. वाऱ्याचा परिणाम बाजूला ठेवला तर वाट चुकलेले विमान मार्गाच्या उजव्या बाजूलाच सापडते.

यात नाट्यमय असे काही घडत नाही. उपकरण बंद पडलेले नसते, कोणताही दिवा लागत नाही. ढगांत किंवा रात्री, खालची जमीन दिसत नसताना, चुकीचा आकडा खऱ्याइतकाच ठाम दिसतो.

दिशेचा आकडा पाहणे आणि तो बाहेरच्या वस्तुस्थितीशी ताडून पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधुनिक विमानातील एका दुर्घटनेतही दिसले. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील लेक्झिंग्टन येथे कॉमएअरच्या ५१९१ क्रमांकाच्या विमानाने २२ क्रमांकाच्या धावपट्टीऐवजी २६ क्रमांकाच्या आखूड धावपट्टीवरून उड्डाणाचा प्रयत्न केला. विमानातील ५० जणांपैकी ४९ जण मरण पावले. या विमानातील दिशादर्शन स्वयंचलित होते, हाताने जुळवण्याचा प्रश्न नव्हता. तरीही दोन्ही धावपट्ट्यांच्या दिशांत सुमारे ४० अंशांचा फरक असल्याने, धावपट्टीवर उभे राहिल्यावर आकडा ताडून पाहण्याच्या सवयीचे महत्त्व या घटनेनंतर प्रशिक्षणात आवर्जून सांगितले जाऊ लागले.

स्वयंचलित जुळवणी

बऱ्याच विमानांत ही क्रिया यंत्रच करते. पंखाच्या टोकाजवळ किंवा शेपटीत, इंजिन आणि विद्युत तारांपासून दूर, चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक बसवलेला असतो. त्याच्या संकेतानुसार घूर्णीची तबकडी सतत हळूहळू दुरुस्त होत राहते. वळणातील तात्पुरत्या चुकांचा परिणाम होऊ नये म्हणून ही दुरुस्ती मुद्दाम संथ ठेवलेली असते. अशा उपकरणाशेजारी स्वयंचलित आणि मुक्त अशा दोन अवस्थांचा खटका असतो. तो चुकून मुक्त अवस्थेत राहिला तर उपकरण साध्या हेडिंग इंडिकेटरप्रमाणे ढळू लागते. सिम्युलेटरमध्येही हा खटका काही विमानांत प्रत्यक्ष चालतो.

गार्मिन जी१००० सारख्या पडदा-कॉकपिटमध्ये फिरते चाकच उरलेले नाही. घन-अवस्था संवेदक आणि चुंबकमापक यांच्या मोजमापांवरून संगणक दिशा ठरवतो. तेथे जुळवणीचा नॉब नसतो, मात्र राखीव म्हणून जुने चुंबकीय होकायंत्र काचेच्या वरच्या बाजूस कायम असते.

चुंबकीय ध्रुवांच्या परिसरात वेगळी अडचण येते. तेथे बलरेषा जवळजवळ उभ्या असल्याने होकायंत्र निरुपयोगी होते. तेथे घूर्णी मुक्त ठेवून, ढळाचा हिशेब करून आणि सूर्य किंवा ताऱ्यांच्या वेधाने तपासून दिशा राखण्याची पद्धत रूढ झाली.

निर्वात पंप बिघडल्यास

निर्वात पंप बंद पडला तर बऱ्याच जुन्या विमानांत कृत्रिम क्षितिज आणि हेडिंग इंडिकेटर ही दोन्ही उपकरणे एकाच वेळी जातात. चाके लगेच थांबत नाहीत. काही मिनिटे ती मंदावत राहतात आणि त्या काळात चुकीची पण खरी वाटणारी माहिती देतात. जुळवणीच्या वेळी तबकडी आणि होकायंत्र यांत अचानक मोठा फरक आढळणे हा या बिघाडाचा एक प्रारंभीचा इशारा असतो. म्हणून मोठा फरक दिसल्यास नॉब फिरवण्याआधी निर्वात मापकाकडे पाहावे, असे शिकवले जाते.

त्यानंतर वैमानिकाच्या हाती होकायंत्र, वळण दाखवणारे उपकरण आणि घड्याळ उरते. प्रमाणित वळणात विमान सेकंदाला ३ अंश फिरते, त्यामुळे ९० अंशांचे वळण ३० सेकंदांत पूर्ण होते. वळण घड्याळावर मोजायचे, विमान सरळ करायचे, होकायंत्र शांत होण्याची वाट पाहायची आणि उरलेला फरक छोट्या वळणाने भरून काढायचा. बहुतेक सिम्युलेटरमध्ये हा बिघाड ठरवून किंवा अवचित घडवून आणता येतो. घरबसल्या, धोक्याविना करता येणाऱ्या सरावांपैकी हा विशेष उपयुक्त सराव मानला जातो. अवचित घडणारा बिघाड निवडला असेल, तर पंप नेमका केव्हा थांबला हे बहुधा पुढच्या जुळवणीच्या वेळीच लक्षात येते.